पाटीवरच्या अक्षरांना भेगा

कचेरीतल्या जुन्या फायली लाल कापडात बांधून माळ्यावर टाकता येतात. किश्शांना माळा नसतो. चहाचा कप हाती आला की ते आपणहून खाली उतरतात. जालन्यात, मस्तगड भागात, दिगंबरराव वकिलांच्या कचेरीत मी चाळीस वर्षे कारकुनी केली. त्यातले पाटीचे अक्षर ठरवण्याचे किस्से तेवढे आज सांगतो.

साहेबांनी निवृत्त व्हायचे ठरवले होते. पुढे कचेरी दोघांच्या नावाने चालायची होती: त्यांची कन्या मृणालताई, आणि वीस वर्षे त्यांच्या हाताखाली तयार झालेले वाघमारे वकील. नवी पाटी, नवे लेटरहेड, नवी कार्डे हवी होती. अक्षर कोणते घ्यावे हे सांगायला पुण्याहून रेवती नावाची डिझायनर मुलगी आली.

वाघमारे वकिलांनी आपली इच्छा फक्त माझ्या कानावर घातली. "अप्पा, माझ्या बाबांना ती पाटी स्वतः वाचता आली पाहिजे. कुणी न सांगता."

बाबा शाळेत गेलेले नव्हते. वाटूरहून जालन्यात येऊन त्यांनी बियाण्यांच्या गोदामात पोत्यांवर नावे उमटवली. पत्र्याच्या साच्यावरून काळा ब्रश फिरवता फिरवता तेवढी अक्षरे त्यांच्या ओळखीची झाली. मुलगा वकील झाला, तरी कचेरीची पायरी ते कधी चढले नाहीत. "तिथलं मला काय वाचता येतं?" एवढेच म्हणत.

*

रेवतीने बारा नमुने आणले. साहेबांनी कोट घातला, खुर्चीत ताठ बसले आणि ओळख परेड सुरू केली.

"क्रमांक एक. हा लग्नपत्रिकेतून पळून आलेला दिसतो. क्रमांक दोन, याला मी सरकारी नोटिशीत पाहिले आहे, याचा स्वभाव चांगला नाही."

क्रमांक चार अतिशय सडपातळ होता आणि मृणालताईंचे मन त्याच्यावरच बसले होते. साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"हा उपाशी आहे, बेटा. अशील म्हणेल, वकिलाला कामे मिळत नाहीत."

"बाबा, याला मॉडर्न म्हणतात."

"म्हणू देत. आधी जेवू घाला त्याला."

*

मला स्वतःला नववा नमुना आवडला. पोथीतल्या टाइपासारखा भरीव, गोलाईचा. पाहताच हात जोडावेत असा. विचार करण्यासाठी तो कागद मी घरी नेला आणि पहाटे काकड्याच्या वेळी सवयीने देवघरातल्या पोथीवर ठेवला. आमच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे पूजा केली, त्यात कागदाचीही झाली.

कचेरीत मी तो तसाच परत केला. रेवतीने तो उजेडात धरून पाहिला.

"अप्पा, हा पिवळा आणि लाल तुम्ही ब्रँड कलर म्हणून सुचवलाय का? कॉम्बिनेशन छान आहे."

पूजा झालेला कागद नाकारायचा कसा, या प्रश्नावर पुढचे दोन दिवस गेले.

*

अशिलांचेही मत घ्यावे, असे मृणालताईंना वाटले. त्यांनी बाराही नमुने दाराबाहेर चिकटवले. अंतरवाली सराटीचे एक शेतकरी वाटणीच्या दाव्यासाठी आले होते. त्यांनी पहिल्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक कागद मन लावून पाहिला. ताई वही घेऊन उभ्याच होत्या.

"काका, कोणतं बरं वाटतं?"

"समदेच बराबर हायेत ताई. तुम्ही कोणतं बी लावा, मला फकस्त तारीख जल्दीची द्या."

*

रविवारी वाघमारे वकील नमुने घेऊन वाटूरला गेले; काम सुटल्यापासून बाबा गावीच राहत होते. सोमवारी परतले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"बाबांना एकही वाचता आला नाही. सगळे कागद खाली ठेवले आणि म्हणाले, 'ह्या अक्षरायला भेगाच न्हाईत रे. मंग वाचावं कसं?'"

मग वकिलांची इच्छा आणि बाबांचे गोदामातले काम मी सगळ्यांना सांगितले. लॅपटॉपमधून सहसा मान वर न करणारी रेवती मात्र उठली. "ते गोदाम अजून आहे का?"

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिची बोटे काळी झाली होती आणि हातात एक जुना साचा होता. पत्र्यातले अक्षर अखंड कापले तर त्याचे पोट गळून पडते, म्हणून मध्ये मध्ये पत्रा जोडून ठेवतात. पोत्यावर त्या जागी भेग उमटते. बाबांनी अक्षर पाहिले ते असेच.

आठ दिवसांनी तिने तेरावा नमुना आणला. जाड, ठसठशीत अक्षरे, आणि प्रत्येकाला भेगा. शिरोरेषासुद्धा तुटलेली.

मला ते पटेना. शिरोरेषा म्हणजे माझ्या लेखी नामाचा धागा, त्याला सारी अक्षरे धरून असतात. पण त्याच रात्रीच्या भजनात टाळ वाजवताना वाटले, दोन ठोक्यांच्या मध्ये जागाच नसेल तर अभंग म्हणायचा कुठे? सकाळी मी माझा नववा नमुना मागे घेतला.

साहेब मात्र अडून बसले. "वकिलाच्या पाटीला भेगा? लोक काय समजतील?"

वाघमारे वकील हळूच म्हणाले, "राहू द्या साहेब. ताईंचा चार नंबर घेऊ. बाबांना मी वाचून दाखवीन."

मृणालताईंनी चार नंबरचा कागद फाडला आणि टोपलीत टाकला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हरकत मागे घेतली आहे. पुढे चला."

*

पाटी लागली त्या दिवशी बाबा पांढरे धोतर नेसून आले. ते वाचत असताना कुणी मध्ये बोलायचे नाही, असे ठरले होते. ते खाली रस्त्यावर उभे राहिले. आम्ही पायरीवर. वाघमारे वकील म्हणाले, "मी जरा फाईल शोधतो," आणि आत गेले. त्यांच्यामागे मीही गेलो. दार उघडेच होते.

बाहेर मोटारसायकली जात होत्या. बाबांनी वर पाहिले, ओठ हलू लागले. बराच वेळ नुसते ओठच हलत होते. मग आवाज आला.

"वा... घ... मा... रे."

साहेबांकडे वळून ते म्हणाले, "हे तं माहं नाव हाय."

"होय दादा," साहेब म्हणाले. "मूळ मालक तुम्हीच."

"मंग माह्या नावानं बराबर काम करून राह्यला का हा?"

कोणत्याही प्रश्नाला पुढची तारीख मागणारे आमचे साहेब एका दमात म्हणाले, "बिलकुल बराबर."

बाबांनी वहाणा काढल्या आणि ते पायऱ्या चढू लागले.

आत वाघमारे वकील दाराकडे पाठ करून कपाटात ती फाईल शोधतच होते. फाईल माझ्या हातात होती.