अकोल्याची यादी

लोकांना बोलायला शिकवणं हा माझा धंदा. अमरावतीत कोचिंग क्लासच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, वीस वर्षं मी हेच करतेय. कुणाची मुलाखत, कुणाचं बँकेतलं सादरीकरण, कुणाचं निरोप समारंभाचं भाषण. आता कार्डावर ‘संवाद सल्लागार’ असं छापलंय. आणि सांगूनच टाकते, मी जळकी आहे. लपवून काय करू?

जळायचं कारण अकोल्यात बसलं होतं. पातूरकडची पोरगी. दोन वर्षं माझ्या हाताखाली काम केलं, मग अकोल्याला जाऊन स्वतःचा क्लास काढला. इथवर मी गिळलं. पण मागच्या वर्षी तिनं इंटरनेटवर एक यादी टाकली. आमच्या धंद्यातल्या लोकांना उपयोगी पडतील अशी ठिकाणं: वाचण्याचा वेग मोजून देणारी साइट, फुकट फोटो देणारी, व्हिडिओखाली अक्षरं टाकून देणारी. प्रत्येकीपुढं तिची वऱ्हाडीत एक टीप. यादी सगळ्यांना खुली, कुणीही यावं आणि भर घालावी.

दर्यापूरला एका कार्यशाळेत चहाच्या वेळी तिघींनी तीच यादी माझ्यासमोर धरली. मॅडम, तुम्ही पाहिली का, किती कामाची आहे. मी हसून मान डोलावली. चहा मात्र अर्धा टाकून उठले.

कारण त्यातली अर्धी ठिकाणं माझी होती. एकेक शोधून मी वहीत उतरवलेली. ती माझ्याकडं होती तेव्हा विचारायची, मॅडम, हे सगळं कुठून काढता? मी म्हणायची, अनुभवातून. आणि वही कपाटात. पण माझ्या लॅपटॉपवर तिची नजर असायची, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आता जो तो तिचे आभार मानत होता आणि माझं नाव कुठंच नव्हतं. वीस वर्षांच्या खटपटीवर साधं नावही लागू नये?

महिनाभर रोज मोबाईलवर ती यादी उघडायची आणि चरफडायची, हा माझा नेम झाला. सगळ्यात जास्त खुपायची बारावी ओळ. आवाजाच्या सरावाची ती साइट मी सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितली नव्हती. तिची टीप होती, “आवाज थरथरत असन तं इथं रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचा. लाजू नका, इथं तुमचं तोंड कोणाले दिसत नाही.”

एका सकाळी मी ती ओळ पुसून टाकली. इतकं गार वाटलं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी पाहते तर ओळ जागच्या जागी. पुन्हा पुसली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा पुसली तेव्हा मात्र दोन दिवस आली नाही, आणि मी खुशीत दुसरा चहा टाकला. तेवढ्यात तिचा फोन.

“मॅडम, तुमी बारावी ओळ कावून पुसून राहिल्या?”

कसली ओळ, म्हणाले. तिनं शांतपणे सांगितलं की कुणी काय पुसलं ते यादीच्या मालकिणीला नावानिशी दिसतं, फोटोसकट. माझ्या खात्यावरचा तो माईक धरलेला, रेशमी साडीतला फोटो! इंटरनेटवर कसं वावरावं याचे धडे मी लोकांना देते. आणखी कुणाला कळलं का, विचारलं. कुणालाच नाही, म्हणाली. तिचा तो समजूतदारपणा मला शिव्यांपेक्षा झोंबला आणि माझा तोल गेला.

“माझंच आहे ते सगळं. माझं नाव कुठं आहे त्यात?”

तिनं उलट मलाच विचारलं.

“शेवटचा रकाना नाही पाहिला का तुमी? मोबाईलवर बाजूले सरकवा लागते.”

फोन कानाशी ठेवूनच मी लॅपटॉप उघडला. शेवटच्या रकान्याला नाव होतं, ‘कुणाकडून शिकले’. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसरीत माझं. चौथीत, पाचवीत, सातवीत माझं. बाराव्या ओळीची जागा रिकामी होती. तिथलं माझं नाव मीच तीनदा पुसलं होतं.

आता तुमीच भरा, म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. माफी कशी मागावी याचा माझा अख्खा एक तास असतो.

मी मात्र मुकाट बसले भरायला. साइटचा पत्ता टाकला. टीप माझ्या शब्दांत लिहायला गेले, चार वेळा लिहिली, चारही वेळा सरकारी परिपत्रक झालं. शेवटी तिचीच उतरवली. बघावी लागली नाही, महिनाभर जळत वाचून पाठ झाली होती. शेवटच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं.

संध्याकाळी पाहिलं, तर तिथं स्वतःच्या नावाच्या आधी तिनं माझं नाव जोडलं होतं. इथंही मेली वरचढ.