अप्पांचे दोन्ही हात मोकळे

वैजनाथअप्पांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा मी मंडपाची कनात शिवत होतो. माझ्या हातात मशीन बरी चालते, लेखणी अडते. तरीही अप्पांसाठी नाही म्हणवेना.

आमची ओळख एका शिडामुळे झाली. वडवणीच्या पेठेत अप्पांचे हार्डवेअरचे दुकान, आणि समोरच मी ताडपत्र्या शिवत बसलेला. एका बाजारच्या दिवशी ते कागदाचा तिकोनी नमुना घेऊन आले आणि म्हणाले, “मास्तर, असं शीड शिवून पायजे.”

“अप्पा, वडवणीत समुद्र कधी आला?” मी थट्टेने विचारले.

“समुद्र न्हाई, पण धरणात पाणी तर हाय,” ते शांतपणे म्हणाले.

तरुणपणी अप्पा एका बंदरावर जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. वडील थकले म्हणून ते दुकानावर परतले, पण पाण्याची ओढ काही सुटली नाही. पुढे धरणाच्या काठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक लहान होडी बांधली. माझे शीड तिच्यावर चढले तेव्हा आसपासच्या गावांतली माणसे बघायला जमली होती, आणि मला उगाच मोठा कारागीर झाल्यासारखे वाटले.

धंद्यात अप्पा फार काटेकोर. एकदा मी मंडपासाठी हलके हूक मागितले, तर त्यांनी ते दिलेच नाहीत. “खाली माणसं बसणार हायत, मास्तर,” एवढेच म्हणून त्यांनी मला दुसऱ्या दुकानाची वाट मोकळी करून दिली. मी कुठेही गेलो नाही, जाड हूकच घेतले.

पण मला सांगायचे आहे ते अप्पांच्या पत्नी गिरजाकाकूंविषयी. एका आजारपणानंतर काकूंना ऐकू येईनासे झाले. त्या स्वतः छान बोलतात, पण त्यांना काही सांगायचे तर हातांनी सांगावे लागते. अप्पांनी त्यांच्यासाठी घरगुती खुणांची एक भाषाच तयार केली. कपाळावर तीन बोटे आडवी फिरवली की सोमवार. दोन बोटांची कात्री केली की मी. दिवसभर दुकानात बसून आलेले अप्पा रात्री जेवताना काकूंना सगळ्या पेठेची बातमी हातांनी सांगत, आणि भाकरी गार होई.

काकू सुरुवातीला हौसेने होडीत बसल्या. मग एके दिवशी त्यांनी साफ नकार दिला. मी तेव्हा तिथेच होतो.

“तुमच्या एका हातात दोरी, एका हातात सुकाणू. तिथं तुमी मुके होताव,” त्या म्हणाल्या. “मंग मला कशाला नेताव?”

त्यानंतर कित्येक दिवस होडी काठावरच होती. काकूंना सोडून त्यांना पाण्यावर जायचे नव्हते.

मग त्यांना बंदरावर दुरुस्तीला आलेल्या एका होडीचे यंत्र आठवले. होडीच्या मागच्या टोकाला एक उभे पाते, त्याच्या खाली वजन, आणि पात्यापासून सुकाणूच्या दांड्यापर्यंत दोऱ्या. दिशा ठरवून पात्याची कड वाऱ्याकडे केली की ते ताठ उभे राहते. होडी जरा भरकटली की वारा पात्याला आडवा लागतो, पाते कलते, दोरी ओढली जाते आणि सुकाणू होडीला परत वाटेवर आणते. अप्पांचे पहिले पाते फळीचे होते. आपल्याकडच्या मंद वाऱ्यात ते हलेना, होडी गोल गोल फिरे. शेवटी त्यांनी बांबूच्या कामट्यांची चौकट केली, मी तिच्यावर जुन्या छत्रीचे कापड ताणून शिवले. खाली दुकानातल्या मोडक्या तराजूचे वजन लागले.

हे नवे पाते लावून बघायच्या दिवशी काकू अप्पांचे मन मोडवेना म्हणून आल्या. मला पुढे बसवले होते. अप्पांनी शिडाची दोरी बांधली, पाते लावले आणि सुकाणूवरचा हात काढला. दांडा आपोआप जरासा हलला, होडी सरळ झाली. काकू दांड्याकडे बघत राहिल्या, मग अप्पांच्या रिकाम्या हातांकडे. आणि अप्पा बोलू लागले. किती दिवसांचे साठले होते कोण जाणे. मला त्यातले फारसे कळले नाही, माझी कात्री मात्र मधूनमधून दिसत होती. माझे डोळे भरून आले होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

या गडबडीत वारा फिरला. ते पाते इमानदार, पण वाऱ्याशी. वाऱ्याबरोबर होडीही निमूट वळली आणि आम्हा तिघांपैकी कुणाच्या लक्षात येण्याआधी पलीकडच्या काठाच्या चिखलात, बाभळीखाली जाऊन रुतली. जाळे सावरणारा एक कोळी म्हणाला, “अप्पा, हिकडं कुणीकडं?” अप्पा घाईने उतरू लागले, तर काकूंनी त्यांचा सदरा धरला.

“ऱ्हाऊ द्या होडी,” त्या म्हणाल्या. “तुमचं बोलणं पुरं होऊ द्या.”

आता दोघे नेहमी जातात, आणि अधूनमधून भलत्याच काठाला लागतात. अप्पांना आणि काकूंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि धरणात पाणी राहो. सत्काराला येणाऱ्या सर्वांना माझी एक विनंती आहे. अप्पांना शाल पांघरली जाईल तेव्हा टाळ्या वाजवू नका. दोन्ही हात वर करून हलवा. काकू पहिल्या रांगेत बसणार आहेत.