तारांकित काका

तारांकित काकांच्या तावडीतून एका उत्तरात सुटलेला माणूस अख्ख्या अनसिंगात शोधून सापडायचा नाही. तुम्ही उत्तर दिलंत की ते मान तिरकी करायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "उपप्रश्न." मग तुमची बस लागलेली असो, नाहीतर घरी पाहुणे ताटावर बसलेले असोत. माझ्या धाकट्या बहिणीला कामरगावचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बरा होता, नोकरीला होता, खाली मान घालून बसला होता. काकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण शेजारी म्हणून ते येऊन बसलेच. त्यांनी विचारलं, "दारूगिरू पेता का?" मुलगा म्हणाला, "नाही." आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बोट वर. "उपप्रश्न. कधीपासून नाही?" मुलगा त्याच्या बापाकडे पाहू लागला, बाप माझ्या बापाकडे, आणि पोहे निवून गेले. ते स्थळ काही परत फिरकलं नाही. माझ्या आईने काकांशी बोलणं टाकलं, आणि काका मात्र पुढे कितीतरी दिवस मला विचारत होते की त्या पोराने शेवटी उत्तर काय दिलं.

तसे ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पारावर बसतात, काका संसदेचं कामकाज पाहायला बसले. घरचा टीव्ही सुमनकाकूंनी मालिकांसाठी राखून ठेवला होता, म्हणून ही ब्याद माझ्या दुकानात आली. बसथांब्यासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर आहेत. अधिवेशन सुरू झालं की सकाळी त्यातला एक काकांचा. गिऱ्हाईक जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला उभं असायचं, आणि काका त्याला हाताने बाजूला सारून म्हणायचे, "थांब जरा, मंत्री उभा राहून राह्यला." मी कितीदा चिडले, कितीदा इंटरनेट बंद पडल्याचं खोटंच सांगितलं. त्यावरही उपप्रश्न यायचा, "कधीपासून बंद हाय? मंग हा पोरगा कायचा फॉर्म भरून राह्यला?"

त्यांचं नाव ज्यावरून पडलं ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "हे पाय वंदे, तारांकित प्रश्न म्हंजे मंत्र्यानं उभं राहून तोंडानं उत्तर द्याचं. तोंडानं दिलं का समोरचा उपप्रश्न इचारू शकते. अतारांकित म्हंजे कागद टेबलावर ठेवला अन् मोकळे. आता कागदाले उपप्रश्न इचारता येते का?" हे त्यांच्या डोक्यात इतकं भिनलं होतं की मोबाइलवर आलेला कुठलाही निरोप त्यांच्या लेखी अतारांकित होता. तुमची कागदपत्रं तयार आहेत असा मेसेज मी टाकला, की ते उन्हातून दुकानात यायचे आणि म्हणायचे, "हं, आता तोंडानं सांग." काकू कपाळाला हात लावायच्या. "ह्या माणसाचं लगन संसदेशीच लागलं हाय पोरी, मी आपली सयपाकाले आली," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, आणि काका हसायचेही नाहीत.

शेती, रेल्वे, टपाल या खात्यांवरचे प्रश्न ते शेंगदाणे खात ऐकायचे. संरक्षण खात्याचा प्रश्न आला की मूठ तशीच राहायची. त्यांचा एकुलता एक मुलगा गजू फौजेत होता, पण मला नाही वाटत तेवढंच कारण होतं. एवढ्या मोठ्या खात्याच्या खर्चाच्या मागण्या एका वर्षी सभागृहातल्या गोंधळात चर्चेविना मंजूर झाल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत. "अरे, मी डेपोत तिकिटाच्या पेटीचा हिशेब दिल्याबिगर घरी जाऊ शकलो नाई कधी," असं म्हणत ते दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. थांब्यावरची पोरं त्यांना चिडवायची. एकाने तर तोंडावर विचारलं, "काका, फौजेवर सवाल कायले करता? तुमी हाय कोनाच्या बाजूचे?" काका शांतपणे म्हणाले, "सलाम जवानाले कराचा अन् सवाल खात्याले. माह्यं पोरगं तिथं उभं हाय. मी कोनाच्या बाजूनं राहीन?" पोरगं मागे सरकलं, तेव्हा तरी यांनी थांबावं की नाही? "उपप्रश्न. तुहं कोन उभं हाय तिथं?"

मग तो अपघात झाला. वर बर्फातल्या एका चौकीवर गजू आणि त्याचा जोडीदार बलदेव तंबूत झोपले होते. ऊब मिळावी म्हणून तंबूत बुखारी पेटवतात, म्हणजे रॉकेलची शेगडी. तिचा धूर आतच कोंडला. बलदेव सकाळी उठलाच नाही. गजू वाचला, दवाखान्यात पडून राहिला, आणि बरा होऊन सुट्टीवर घरी आला तेव्हा अर्धा झाला होता. गाव त्याला पाहायला लोटलं. काकू त्याच्या जवळून हलत नव्हत्या. आणि काकांनी काय करावं? बाजेच्या पायथ्याशी बसून विचारावं, "धूर बाहीर जाची सोय होती का नोती?" गजूने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी मला काकांचा इतका राग आला की मी हातातला चहा तसाच ठेवून घरी निघून आले.

पोरगं बोलेना, तेव्हा काकांनी खासदारांना धरलं. प्रश्न साधा होता. उंचावरच्या चौक्यांवर शेगडीच्या धुराने जवान दगावू नयेत म्हणून काय व्यवस्था आहे, आणि ती कोण तपासतो? हे मी त्यांना इतक्या वेळा टाइप करून दिलं की माझी बोटं आपोआप चालायची. खासदार वाशिमला आले की काका तिथे, किन्हीराजाला लग्नाला आले की काका तिथे, पंगतीत बरोबर त्यांच्या शेजारच्या ताटावर. खासदारांचे सहायक मला फोन करून विनवायचे, "ताई, त्या बाबांना आवरा ना." मी काय आवरणार? शेवटी कंटाळून म्हणा की माणुसकीने म्हणा, खासदारांनी प्रश्न दिला. पण तोंडी उत्तराचे प्रश्न सोडत काढून ठरवतात, आणि सोडतीत काकांचा नंबर लागला नाही. जन्मभर ज्याचा तिटकारा केला तेच वाट्याला आलं. प्रश्न अतारांकित झाला. लेखी उत्तर आलं की याबाबतच्या सूचना वेळोवेळी दिल्या जातात.

आणि आमचं गाव! आमच्याकडे वरून काहीही उत्तर आलं की काम झालं असं समजून फ्लेक्स लावायची पद्धत आहे. पुलाची मागणी विचाराधीन आहे एवढं कळलं तरी आम्ही फटाके वाजवतो, आणि पूल अजून व्हायचा आहे. दिल्लीहून उत्तर आलं म्हटल्यावर पोरांनी थांब्यावर हा मोठा फ्लेक्स टांगला. वर खासदारांचा फोटो, खाली तारांकित काकांचा, मध्ये 'अनसिंगच्या प्रश्नाला दिल्लीत यश, हार्दिक अभिनंदन'. ढोल वाजला, काकांच्या गळ्यात हार पडला. काका त्या गर्दीत ओरडून सांगत होते, "अरे लेकहो, उत्तर आलं म्हंजे जबाब भेटला नाई!" ढोलापुढे कुणाला ऐकू जाणार? त्यांच्या तोंडात पेढा कोंबला गेला.

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत गजूपर्यंत पोहोचला. तो परत नोकरीवर गेला होता. त्याचा फोन माझ्याच दुकानात आला, कारण बाप तिथेच सापडणार हे त्याला ठाऊक होतं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बावा, तुमाले हात जोडतो. माह्या नोकरीवर कायले उठले तुमी?" काका म्हणाले, "मी नावगाव काईच नाई टाकलं." गजूने फोन ठेवला. त्यानंतर त्याने बापाला फोन करणंच सोडलं. काकूंच्या मोबाइलवर अधूनमधून दोन शब्द यायचे, 'बरा आहे.' काका ते पुन्हा पुन्हा वाचायचे आणि मोबाइल काकूंना परत द्यायचे. अतारांकित हा शब्द त्यांनी तेव्हा उच्चारला नाही. मी म्हटलं, आता तरी सोडा हो, पोरगं तुटलं तुमच्यापासून. ते म्हणाले, "अन् त्या बलदेवच्या बापाचं काय? त्याले कोन सांगन?" पुढच्या अधिवेशनासाठी त्यांनी मला तोच प्रश्न परत टाइप करायला लावला.

पुढच्या सुट्टीत गजू घरी जायच्या आधी माझ्या दुकानात आला. भर दुपार होती, थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. पिशवी खाली ठेवून तो म्हणाला, "वंदाताई, बावाले पुन्हा काई लेहून देऊ नको." मी कारण विचारायच्या आत काका दारात उभे. वाशिमहून येणाऱ्या प्रत्येक बसवर त्यांची नजर असायचीच. मी उठून बाहेर जाणार होते, पण काका दार अडवूनच उभे होते.

"बावा, बुखारी मी लावली होती," तो म्हणाला. "बलदेव नोको म्हने. मले थंडी सहन नोती होऊन राह्यली. मी लावली अन् झोपलो. आता इचारा दिल्लीत, कोनाची चूक होती ते."

काका स्टुलावर बसले. मला वाटलं, अहो, आता तरी उठा, पोराच्या पाठीवर हात ठेवा. आणि काका काय बोलले?

"तंबूले झरोका होता का?"

मी डोळे मिटून घेतले. गजू म्हणाला, "होता."

"उघडा होता?"

"बर्फानं बुजला होता."

"बर्फ काढाचं काम कोनाचं?"

"चौघायचं. आमी दोघंच होतो. रस्ता बंद होता, बदलीचे लोक आले नोते. दिवसभर पहारा करून हातात जीव राह्यत नोता बावा."

"हे कोनी इचारलं तुले? दवाखान्यात, चौकशीत?"

"बुखारी कोनं लावली, तेवढं इचारलं."

"अन् मंग?"

"मंग काई नाई. मी सांगतलं, मी लावली."

काका म्हणाले, "तू लावली, हे एक उत्तर झालं गजा. सारं उत्तर नाई होय ते. दोघायनं चौघायचं काम केलं, हे कोनं सांगाचं?" गजू पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. काकांनी तेव्हाही त्याला जवळ घेतलं नाही. त्यांना ते जमतच नसे. ते उठले, त्याची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "चाल, तुही माय वाट पाहून राह्यली." मला एवढंच दिसलं की जाताना गजू मान वर करून चालत होता, आणि काका चालता चालता त्याला अजून काहीतरी विचारतच होते.

त्यानंतर काकांनी प्रश्नात एक ओळ वाढवली. रस्ता बंद झाल्यावर चौकीवर माणसं कमी पडली तर काय करतात? आणि नवल म्हणजे एका अधिवेशनात तो प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागला. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हजर झाले. थांब्यावरची सगळी पोरं दुकानात दाटीने बसली होती, काकूसुद्धा आल्या होत्या. सभागृह सुरू झालं. पाच-दहा मिनिटं आरडाओरड झाली आणि कामकाज तहकूब झालं. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं कागदावर येणार होती. मी जेवढ्या शिव्या मला येतात तेवढ्या त्या पडद्याला घातल्या. काका उठले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "पुढच्या टायमाले पाहू." तो पुढचा टाइम त्यांना मिळाला नाही. उन्हाळ्यात ते झोपेतच गेले, कुणाला एकही उपप्रश्न न विचारता.

दुकान आता मोकळं असतं. दाखले, सातबारे, हॉल तिकिटं, सगळं बिनबोभाट होतं. इतकं शांत काम मला कधी नको होतं.

गजू यंदा निवृत्त होऊन आला. अधिवेशनाच्या तारखा लागल्या त्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "वंदाताई, बावाचा तो प्रश्न काढ." मी काढला. तो वाचून म्हणाला, "वरतं बलदेवचं नाव लेही. मंग माह्यं. दोघंच होतो, हे लेही. बुखारी मी लावली, तेई लेही." मी सगळं लिहिलं. मग ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी मी विचारलं, खाली अर्जदार म्हणून नाव कुणाचं घालू, खासदारांकडे कुणाच्या नावाने पाठवायचं?

"माह्या," गजू म्हणाला. "अन् उत्तर तोंडानं पायजे म्हनाव."