नवव्या एपिसोडमधली गुढी

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींतली नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे बसून बघायचे... बाई नेमकी कुणाकडे बघून घुमतेय ते! त्यात व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामावर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा 'बाई भोळी दिसतेय' असं कृपया कुणी म्हणू नये.

२००६ सालची गोष्ट. मी तेव्हा लंडनला, स्टॅनमोरमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. ऑफिसात रीना नावाची मैत्रीण होती. आई-वडील मराठी, पण हिचा जन्म लंडनमधल्याच हाउन्सलोचा. मराठी हौसेने बोलायची, व्याकरणाचा मात्र रोज बोऱ्या वाजायचा. पुढच्या मे महिन्यातली तिच्या लग्नाची तारीख ठरली होती आणि एजवेअरला घरही घेऊन झालं होतं. आई ती लहान असतानाच गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

आम्हा दोघींना वेड एकच – अ‍ॅनिमे. (जपानी कार्टून म्हटलं की रीना आठवडाभर अबोला धरायची.) त्या वर्षी एक सिरीज आली होती, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जपानी मुलीची. ती लंडनच्या उपनगरात येऊन राहते, अशी गोष्ट. बनवणाऱ्यांनी आदल्या वर्षी हाउन्सलोला येऊन फोटो काढले आणि त्यावरून गल्ल्या जशाच्या तशा रंगवल्या. अशा जागा शोधत हिंडणारे वेडे लोक असतात. सीनचा प्रिंटआउट घ्यायचा, त्या जागी उभं राहायचं, कागद डोळ्यांसमोर धरायचा आणि कागदातलं छप्पर खऱ्या छपराला जुळलं की फोटो काढायचा. आम्ही त्यातल्याच.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही हाउन्सलोला गेलो. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान, हवा नेहमीचीच रडकी. पोस्टाची पेटी जुळली, नाणी टाकून कपडे धुवायचं लॉन्ड्रेट जुळलं, रेल्वेचा पूल तर असा जुळला की आम्ही रस्त्यातच टाळ्या वाजवल्या. मग रीनाने फोल्डरमधून शेवटचा कागद काढला आणि मला शेजारच्या गल्लीत एका घरासमोर नेऊन उभं केलं.

"हा नववा एपिसोडचा आहे," ती म्हणाली. "तू बघ. मी काही नाही बोलणार."

मी सिरीज आठव्या एपिसोडपर्यंतच पाहिली होती. संध्याकाळचा सीन. जांभळट आकाश, जोडघरांची रांग, घरांतून दिवे लागलेले. आणि एका घराच्या वरच्या अंधाऱ्या खिडकीतून बाहेर आलेली काठी. काठीला हिरवं वस्त्र, वर पालथा तांब्या. गुढी! जपान्यांच्या कार्टूनमध्ये गुढी!!

"अगं, भारीच की! इथे कुणी मराठी राहतं वाटतं?"

"राहत होते," रीना म्हणाली. "आमचा घर आहे हा. तो आईचा गुढी आहे, शुभा."

मग तिने बोट ठेवून दाखवलं. काठी म्हणजे पडद्याचा रॉड. कडुलिंब इथे कुठला मिळायला, म्हणून कढीपत्त्याचा डहाळा. आणि साखरेच्या गाठी नाहीत म्हणून तिची आई मधे भोक असलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या दोऱ्यात ओवायची. चित्रात तांब्याखाली बारीक पांढऱ्या कड्यांची माळ होती. अगदी स्पष्ट.

रीना आठ वर्षांची असताना, पाडव्याच्याच दिवशी, तिची आई दुपारी स्वयंपाकघरात कोसळली. अँब्युलन्समागोमाग सगळे हॉस्पिटलला गेले. आई परत आलीच नाही. रीनाला परस्पर मावशीकडे नेलं, बाबांनी ते घर विकलं आणि त्यानंतर घरात पाडवा कधी झाला नाही. गुढीचं काय झालं हे बाबांना सांगता येईना. "मी नवीन घरात गुढी नाही लावणार," ती म्हणाली. "आईचा कुठे गेला ते कळत नाही तोपर्यंत नाही. मला स्वप्न पडतो, की तो अजून बाहेरच आहे."

आता मला सांगा, मला काय वाटलं असेल? रीना ग्राफिक डिझायनर. फोटोशॉप हिच्या डाव्या हातचा मळ. सरळ विचारलं, "रीना, हे तू रंगवलंयस ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मी आजही विसरलेले नाही. पण मी मागे हटले नाही. कागद डोळ्यांशी नेऊन सावल्या तपासल्या, कडा तपासल्या. काही सापडेना, म्हणून माझा संशय उलट वाढला. चांगलं काम केलंय पोरीने, म्हटलं.

"चल, बेल वाजवू," मी म्हणाले.

दार एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी उघडलं. फार गोड बाई. घर त्यांनी रीनाच्या बाबांकडूनच घेतलेलं, तेव्हापासून त्याच राहत होत्या. घरात दुसरं कुणी राहिलेलं नाही, काठीबिठी कधी लावलेली नाही. "आणि ती खिडकी? रंगाने चिकटून बसलीये डिअर, कित्येक वर्षं उघडलेलीच नाही." मी बाहेर जाऊन वर बघितलं. खरंच, चौकटीवर रंगाचे जाड थर.

म्हणजे गेल्या वर्षी फोटो काढणाऱ्यांना तिथे गुढी दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या लेखी केस बंद. रीनानेच केलंय. लग्नाच्या तोंडावर आईची आठवण येणारच, पण हे जरा जास्तच झालं... ही पोरगी हातची जातेय की काय, अशी खरी भीती वाटली.

घरी आले आणि आधी माझी स्वतःची डीव्हीडी लावली. मी दुकानातून आणलेली, मीच प्लास्टिक फोडलेली, रीनाचा हात न लागलेली. नववा एपिसोड. पॉज केलं.

गुढी होती. कढीपत्ता होता, गोळ्यांची माळसुद्धा होती.

तरी माझं मन खोट शोधत होतं बरं का! आणि तीच शोधताना माझ्यातली पुणेरी बाई वैतागली. दिवेलागण होऊन गेली आणि गुढी अजून बाहेर? सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते, एवढं कळत नाही का या लोकांना?

आणि मग अंगावर सरसरून काटा आला. उतरवणार कोण? घरी होतं कोण त्या दिवशी?

मी रीनाला फोन लावला. आधी माफी मागितली, मग विचारलं, त्या दिवशी गुढी उतरवली कुणी? ती म्हणाली, "आई सकाळी बोलली होती, संध्याकाळी उतरवताना या वर्षी ताट तू धर. मी वाट बघत होते गं." आणि रडायला लागली. मीही रडले. उगाच खोटं कशाला सांगू?

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. मी हळद-कुंकू, अक्षता आणि थोडी साखर डबीत घेतली होती. विश्वास होता म्हणून नाही. तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून. गुढी उतरवतात कशी हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. अजून उजेड होता. समोरच्या फुटपाथवर तिच्या हातात ताटली दिली आणि सांगितलं, हळद-कुंकू वाहा, अक्षता टाक, नमस्कार कर, साखर ठेव आणि मग उतरवते म्हण. माझं अर्धं लक्ष आजूबाजूला... कुणी पोलिसांना फोन केला तर काय सांगणार!

रीनाने त्या बंद खिडकीकडे बघून अक्षता टाकल्या. "आई, मी ताट धरलाय," ती म्हणाली. "आता उतरवते हं."

काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही, काही नाही. एक विमान गेलं. आम्ही साखर खाल्ली आणि चहा प्यायला गेलो.

त्या संध्याकाळी घरी येऊन डीव्हीडी लावली. सवय, दुसरं काय. तेच जांभळट आकाश, तीच रांग, तेच दिवे.

वरची खिडकी बंद होती. काठी नाही, वस्त्र नाही, तांब्या नाही. आधी त्या खिडकीत अंधार होता, आता आत दिवा लागला होता.

डिस्क बदलली म्हणावं, तर खोलीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. रीनाचा प्रिंटआउट आजही माझ्याकडे आहे आणि त्यात गुढी आहे. डिस्कही आहे, तीत नाही. दोन्ही शेजारी ठेवून मी कितीदा तरी बघितलंय. स्पष्टीकरण नाही... कुणाकडे असलं तर जरूर सांगा, मी तपासून बघेन.

रीना आता एजवेअरच्या घरी दरवर्षी गुढी उभारते. पेपरमिंटच्या माळेसकट. आणि कशावरच विश्वास नसलेली मी पाडव्याला, तिकडचं ऊन उतरायला लागलं की हातातलं काम टाकून तिला फोन करते.

"आत घेतलीस?"

तिचं 'हो' ऐकेपर्यंत मला चैन पडत नाही.