सहावी जागा आणि एक कप गहवा

एका कपभर कॉफीनं माणूस काय काय घालवू शकतो, ते मला विचारा. नाही, खरंच विचारा! चहा यायला अजून पाच-दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात सांगून होईल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईत, करामातल्या एका छोट्या कॉलेजच्या ऑफिसात होतो. कॉलेज म्हणजे काय, एका बिल्डिंगचे दोन मजले. खाली केरळी हॉटेल, वर बी.कॉम. मी अॅडमिशनचे फॉर्म बघायचो, फोटोकॉपीचं मशीन बघायचो, आणि शाळेत असताना कणकवलीला थोडं व्हॉलीबॉल खेळलो होतो, हे एकदा चुकून बोलून गेलो म्हणून स्पोर्ट्सही माझ्याच गळ्यात पडलं होतं.

अशा सहा लहान कॉलेजांनी मिळून एक व्हॉलीबॉल लीग चालवली होती. शुक्रवारी सकाळी, शारजाच्या औद्योगिक भागात, एका गोडाऊनमागच्या वाळूत. कोर्ट एकच. साडेसहाला सुरू करायचं आणि जुम्याच्या नमाजाआधी आवरायचं. सहा टीम, तीन मॅच, हिशेब पक्का. लीगचा सेक्रेटरी कोण? अर्थात मी! बाकी पाच कॉलेजांत चालू स्थितीतलं फोटोकॉपी मशीन कुणाकडेच नव्हतं ना.

आमच्या टीमचा नंबर विचारू नका. विचारलात? सहावा. तीन वर्षं ओळीनं सहावा. आम्ही प्रॅक्टिस करायचो पार्किंगमध्ये, दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधून. पण त्या वर्षी मिल्टन कॅप्टन झाला. वसईचा मुलगा, शेवटचं वर्ष. त्यानं पोरांना कॉलेजच्या आधी तासभर पळवून पळवून अशी तयार केली होती की मलाच दम लागायचा.

"सर, ह्या वर्षी आपण सहावे नाही येत," तो म्हणाला. "निदान चौथे. मग मी खुशाल डिग्री घेतो."

आणि नेमका त्याच वर्षी सातव्या कॉलेजचा अर्ज आला.

नवीन कॉलेज, शारजाच्या बाहेरच्या बाजूला. स्वतःचं मैदान, स्वतःची बस, आणि मालक म्हणजे तिथले एक वयस्कर, वजनदार गृहस्थ. सगळे त्यांना अरबाबच म्हणायचे, मालक या अर्थानं. आता प्रश्न असा की सात टीम घ्यायच्या, का सहाच ठेवून एकाला काढून त्यांना घ्यायचं?

मीटिंग झाली. एक म्हणाला, घ्या, नवीन रक्त येईल. दुसरा म्हणाला, सात झाल्या की दर शुक्रवारी एक टीम बसून राहणार आणि लीग परीक्षेच्या तोंडावर जाणार. तिसऱ्यानं हळूच सुचवलं, "रिप्लेस करो ना. लास्टवाला बाहर, नया अंदर." असं म्हणून तो माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघायला लागला.

मिल्टनचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी उभा राहिलो आणि असा काही बोललो, असा काही बोललो, की आयुष्यात पहिल्यांदा मला माझंच कौतुक वाटलं! पहिल्यापासून जे सोबत आहेत त्यांना काढता? उद्या तुमचा नंबर सहावा आला तर? मत घेतलं. चार विरुद्ध दोन. नवीन कुणाला घ्यायचं नाही, जुन्या कुणाला काढायचं नाही. खलास!

आता नकार कळवायचा. अरबाबना फॅक्सनं नाही म्हणणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. कुणीतरी समक्ष जाऊन, गोड बोलून पत्र द्यावं. कुणी? सेक्रेटरीनं!

गेलो. निघताना बायको म्हणाली, "अहो, पित्ताची गोळी घेतलीत ना? तिथे कॉफीबिफी पिऊ नका. मागच्या आठवड्यात रात्रभर बसवून ठेवलंत मला." मी म्हटलं, नाही पिणार.

अरबाबची मजलिस म्हणजे बैठकीची लांबलचक खोली. चारी भिंतींना गाद्या, आठ-दहा माणसं बसलेली. मला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. हिंदी छान बोलत होते, जुन्या काळी मुंबईशी व्यापार केलेला माणूस. दुसऱ्या बाजूला त्यांच्या कॉलेजचे पीआरओ कुट्टी, हसतमुख मल्याळी. एकानं उंच चोचीच्या किटलीतून इवल्याशा कपात गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, ओतून माझ्या हातात दिला. वेलचीचा वास घमघमला.

आता मला सांगा, आपण काय करतो? कुणाच्या घरी नको असलेलं काही पुढ्यात आलं तर तोंडावर नको म्हणतो का? छे! आपण म्हणतो, "घेतो हं, सावकाश घेतो," आणि कप हळूच बाजूला ठेवून देतो. गार होतो, कुणी विचारत नाही, यजमानाचा मान राहतो आणि आपलं पोटही ठीक राहतं. मीही तेच केलं. कप समोर ठेवला आणि गोड हसलो.

मजलिस गप्प झाली. अगदी सगळी! अरबाबनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पियो," ते म्हणाले.

"जी, बाद में," मी म्हटलं. "पहले थोडा काम की बात."

ते ताठ बसले. कुट्टी माझ्याकडे डोळे मोठे करून बघायला लागले. मला वाटलं, केवढा आदर!

"बोलो. क्या काम?"

तोंडावर नकार द्यायचा म्हणजे आपल्याला घाम फुटतो. मी सुरुवातच लांबून केली. "कैसे बोलूं, शर्म आती है. हम छोटे लोग हैं. छोटा लीग है. अच्छा ग्राउंड नहीं, टाइम नहीं."

"हां, हां," अरबाब मान हलवत होते.

"और जगह सिर्फ छह टीम की. सातवीं की जगह ही नहीं. कोई नया आएगा तो किसी को जाना पड़ेगा."

"कौन जाएगा?"

आता खरं बोलण्यात काय जातं? उलट त्यांनाही कळेल की माझ्यावर काय प्रसंग आहे, असं वाटून मी हात जोडले. "लास्ट नंबर हमारा कॉलेज है, अरबाब. जाना पड़ेगा तो हम को."

त्यांनी छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही. खोलीतल्या माणसांना ते अरबीत काहीतरी बोलले, तशी सगळी माणसं माझ्याकडे प्रेमानं बघायला लागली.

"खलास," ते मला म्हणाले. "तुम मांगा, हम दिया. अब पियो."

अहो, मी सुटलोच! केवढ्या मनाचा माणूस, पत्र बाहेर काढायच्या आधीच नकार समजून घेतला! आनंदाच्या भरात पित्तबित्त विसरून मी गहवा प्यालो. एक नाही, तीन कप. सगळ्यांनी उठून हात मिळवला. पत्र खिशातच राहिलं, आणि मी शिट्टी वाजवत घरी आलो.

शनिवारी सहाही कॉलेजांत फॅक्स आला. आमच्याकडे तो मीच मशीनमधून ओढून काढला. मजकूर असा: तुमचे सेक्रेटरी श्री. सावंत स्वतः आमच्या दारी आले. आम्ही लीगमध्ये यावं म्हणून त्यांनी स्वतःच्या कॉलेजची जागा देऊ केली, आणि आम्ही हो म्हणेपर्यंत गहव्याला ओठ लावला नाही. अशा माणसाला आम्ही नाही म्हणू शकलो नाही. यापुढे सगळ्या मॅच आमच्या मैदानावर, बस आमची, सर्वांना नाश्ता आमच्याकडून.

मी कुट्टींना फोन लावला.

"सावंतभाई," कुट्टी म्हणाले, "इधर का रिवाज आपको मालूम नहीं? मेहमान गहवा सामने रखके नहीं पीता, मतलब कुछ मांगने आया है. बड़ा आदमी पहले मांग पूरा करता है, फिर मेहमान पीता है. आपने तो तीन कप पिया!"

"पर मैं तो मना करने आया था!"

"मना करने को आया तो पीना था ना," कुट्टी म्हणाले. "अब दिया हुआ चीज वापस मत करो. बहुत बुरा लगेगा."

पुन्हा मीटिंग झाली. नाश्त्याचं नाव निघाल्यावर चर्चा फार लांबली नाही. पाच विरुद्ध एक, आणि त्या ठरावाचे मिनिट्स मलाच लिहायचे होते. सहा फोटोकॉप्याही मीच काढल्या.

मिल्टनला सांगितलं तेव्हा तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दोरीची गाठ सोडत म्हणाला, "म्हणजे सर, आपल्याला कुणी काढलं नाही. आपणच आपली जागा नेऊन दिली?" मला फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

घरी मुलीला सगळं सांगितलं. सहावीत होती. तिनं टीव्हीवरची नजर न काढता निकाल दिला, "बाबा, देन गो अगेन. अँड धिस टाइम आस्क प्रॉपर्ली."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! रिवाज आता मला माहीत होता. परत जायचं, कप ठेवायचा, ओठ लावायचा नाही आणि मागायचं, की सातवी जागा करा, आमची पोरं घ्या. मैदान त्यांचं, त्यांनी म्हटलं तर कोण नाही म्हणणार? मिल्टन तर इतका खूश झाला की सगळी टीमच माझ्या गाडीत कोंबून बसली. शारजापर्यंत सगळे एकच घोकत होते, "सर, प्यायचं नाही. सर, काही झालं तरी प्यायचं नाही!"

पोरं बाहेर गाडीत थांबली. मी आत गेलो. अरबाबनी मिठी मारली, शेजारी बसवलं. गहवा आला, मी कप समोर ठेवला. मजलिस गप्प झाली. अरबाब ताठ बसले. अगदी ठरल्याप्रमाणे!

आणि त्या शांततेत मला काय सुचलं असेल? समोर खजुराचं ताट होतं. नुसतं बसून राहणं बरं दिसेना म्हणून मी एक खजूर तोंडात टाकला. तो टाळ्याला चिकटला, तिथून घशात गेला आणि तिथेच बसला. ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली, कुट्टी पाठीवर थापा मारायला लागले. जीव वाचवायला हाताला जे लागलं ते घटाघटा प्यालो.

वर गेल्या वेळी कुट्टींनी शिकवलेलं नीट लक्षात होतं, पुरे म्हणायचं तर रिकामा कप हलवायचा. तोही हलवला. गहवा वाढणारा कप घेऊन गेला.

अरबाबचा चेहरा उजळला. खांद्यावर हात ठेवून ते सगळ्यांना म्हणाले, "देखो, आज सावंत कुछ मांगने नहीं आया. सिर्फ मिलने आया. ऐसा दोस्त होना मांगता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मीही डोलावली. आता ह्यावर तुम्हीच सांगा, काय मागणार होतो मी?

बाहेर आलो. गाडीच्या चारी खिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली होती.

"काय झालं सर?" मिल्टननं विचारलं. "दिली जागा?"

"प्यालो," मी म्हटलं.