मिठाच्या पाण्यातले दहा दिवस

प्रतिभा मॅडम खकनारच्या सरकारी शाळेत गणित शिकवत. वय अठ्ठावन्न. लग्न केलं नव्हतं आणि आई जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी बुऱ्हाणपुरातल्या आपल्या दुमजली घरी परतायचं. वरच्या मजल्यावर बँकेतले भूपेंद्र, त्यांची बायको दीपाली आणि मुलगी मृणाल भाड्याने राहत. जूनमध्ये त्यांची भोपाळला बदली झाली. मृणालची काचेची टाकी ट्रकमध्ये फुटेल म्हणून दीपाली म्हणाली, "ताई, थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्या. आम्ही घेऊन जाऊ." टाकीत एकच नारंगी गोल्डफिश होता. नाव शेरू.

न्यायला कोणी आलं नाही. मॅडमनी टाकी जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवली. दिवाळीनंतर त्यांना वाटलं, हा बिचारा एकटाच फिरतो. म्हणून त्यांनी बाजारातल्या कडूभाऊंच्या दुकानातून एक पांढरा मासा आणला. तो पाच दिवसांत मेला. सहाव्या दिवशी शेरूच्या शेपटीवर रवा चिकटल्यासारखे बारीक ठिपके दिसले. तो अंग दगडाला घासत होता, दाणे तोंडात घेऊन थुंकत होता.

मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला आणि दुकान गाठलं. कडूभाऊंनी चष्मा वर करून पाहिलं.

"हौ, सफेद दाग आहे. माझ्याच माशासंगे आला असंल ताई, खोटं नाही बोलत. नवीन मासा पहिले वेगळा ठेवा लागते."

"तुम्ही तेव्हा सांगितलं नाही."

"तुम्ही घाईत होत्या," ते खाली मान घालून म्हणाले. मग उपाय सांगितला. दहा लिटरला चार छोटे चमचे जाडं मीठ, तेही दोन दिवसांत थोडं थोडं. छोटा हीटर लावायचा. रोज चौथा हिस्सा पाणी काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं, आणि जितकं पाणी काढलं तितक्याचंच मीठ पुन्हा. "ठिपके गेले तरी थांबू नका. रोग पाण्यात राहते."

लाइट सारखी जाऊन हीटर आणि हवेचा पंप बंद पडत होता, म्हणून मॅडमनी घरी आजारी आहे असं कळवून तीन दिवसांची रजा टाकली. मुख्याध्यापकांनी फोनवर विचारलं, "घरी आजारी? मॅडम, तुमच्या घरी आहे कोण?"

"एक पाहुणे आहेत," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्यावर मुख्याध्यापकांनी पुढे काहीच विचारलं नाही, ते मात्र लागलं.

तिसऱ्या दिवशी शेरू तळाशी बसून राहिला. कल्ले भराभर हलत होते. मॅडमनी दीपालीला फोन लावला. मृणालला कळवायला हवं असं त्यांना वाटत होतं.

"अय्या, अजून आहे का तो?" दीपाली म्हणाली. "आम्हाला वाटलं, केव्हाच गेला असंल. थांबा, मृणालला देते."

मृणाल आली. मागे टीव्ही चालू होता. "आजी, आमच्याकडे अब डॉगी आहे," ती म्हणाली. शेरूला बरं नाही हे ऐकून म्हणाली, "ओह. अच्छा." मग तिच्या क्लासची वेळ झाली आणि तिने फोन ठेवला.

मॅडम फोन हातात धरून बसल्या. मग त्यांनी उठून बादलीतलं पाणी मापून टाकीत घातलं, मीठ विरघळवलं, पंप पुन्हा चालू केला. टाकी तांब्याने उपसून त्यांचे हात पांढरे पडले होते. शाळा सुरू झाल्यावरही सकाळी बसच्या आधी आणि आल्यावर हेच.

सातव्या दिवशी ठिपके विरळ झाले. दहाव्या दिवशी शेरू वर आला आणि त्याने सगळे दाणे खाल्ले. मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "खाल्लं रे." घरात कोणीच नव्हतं. मोबाइलमध्ये नावं वरपासून खालपर्यंत पाहिली, कोणाला सांगावं ते कळेना.

संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. "बरा झाला," म्हणाल्या.

"वा. मीठ बंद करू नका, आठवडाभर चालू ठेवा," कडूभाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "एकटा आहे तर एक जोडीदार देतो. पंधरा दिवस वेगळा ठेवून देतो, फुकट."

"नको," मॅडम म्हणाल्या. "आता हिंमत होत नाही."

तेवढ्यात एक बाई दोन मुलांना घेऊन आत शिरली आणि कडूभाऊ तिकडे वळले. मुलं काचेवर बोटं टेकवून हा, तो, तो म्हणत होती. मॅडम थोडा वेळ कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून बाहेर पडल्या आणि रिक्षा न करता पायीच निघाल्या. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून त्या तापीकाठच्या राजघाटावरून लांबच्या वाटेने गेल्या.