पेटी भरलेली दिसली पाहिजे

प्रथमोपचाराची पेटी आमच्याकडे होती, हे आधीच सांगतो. नाहीतर लोक म्हणतील, सोयच नसेल बिचाऱ्यांची. सोय होती. मुकादमाच्या टेबलामागे भिंतीवर, पांढरी स्वच्छ. आणि तिला कुलूप होतं.

आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. कापलेल्या पट्टीची धार ब्लेडसारखी, रोज कुणाचं तरी बोट कापायचंच. मलमपट्टी मागायला गेलं की मुकादम म्हणायचा, "एवढ्याशाला पेटी उघडू? तपासणीवाले आले की पेटी भरलेली दिसली पाहिजे. टेप लाव आणि काम कर."

टेप म्हणजे वायरला गुंडाळतात ती काळी.

मुकादम आमच्याच तालुक्यातला. आठवीत शाळा सोडलेल्या मला त्यानंच कुवेतला आणलं, मशीनवर उभं केलं. माझ्या पोरी शिकतायत त्या त्याच्यामुळे. म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. उलट त्या टेपमध्ये तरबेज झालो. जखमेवर चिमूटभर कॉफी पावडर, वरून टेपचे चार वेढे. सगळे मला डॉक्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं. याचीच आज चीड येते.

शेजारच्या मशीनवर सोलापूरचा एक जण होता. एका गुरुवारी त्यानं डाव्या हाताचं बोट वर धरून हाक मारली, "या की वो डॉक्टर, पेशंट आलाय!" खोल कापलं होतं. मी कॉफी भरली, टेप करकचून आवळली. रक्त थांबलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैतान भागातल्या आमच्या खोलीवर त्यानं बोट दाखवलं. टेपच्या पुढचं टोक सुजून वांग्याच्या रंगाचं झालेलं. आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक नर्सताई राहतात, त्यांच्याकडे त्याला ओढतच नेलं.

ताईंनी कात्रीनं टेप हळूहळू कापली. "कुणी बांधलं हे?"

"आमच्या डॉक्टरनं," सोलापूरकर हसत म्हणाला.

ताई हसल्या नाहीत. "रक्त थांबवायचं होतं का बोट तोडायचं होतं, भाऊ? आधी आपले हात धुवायचे. मग जखम नळाखाली धरायची, आजूबाजूला साबण. स्वच्छ फडकं दहा मिनिटं दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. पट्टी अशी बांधायची की बोटाचं टोक गुलाबी राहील. आणि कॉफी प्यायची असते. चला, आता हॉस्पिटलला. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागेल."

त्या स्वतः आमच्याबरोबर आल्या, सुट्टीचा दिवस घालवून. बोट वाचलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

महिन्याभरात माझाच तळवा कापला. टेपकडे बघितलंही नाही. हात नळाखाली धुतला, धुतलेला रुमाल दाबला आणि टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

"दादा, चावी द्या."

"टेप संपली का?"

"चावी द्या."

"लई शहाणा झालास? परत गावाला जायचंय?"

इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द झाला तर पोरींच्या शाळेचं काय, हेच डोक्यात फिरत होतं. "तुम्ही मला आणलंत, दादा, ते मी जन्मभर मानीन. चावी द्या."

मागं सोलापूरकरानं मशीन बंद केली. मग दुसरी बंद झाली, मग तिसरी. कारखान्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मुकादमानं जुडगा टेबलावर आपटला.

पेटी खरंच भरलेली होती. चिकटपट्ट्यांचा गोंद वाळून गेलेला, कापूस पिवळा, मलमाची नळी दगड झालेली. नळीवरची मुदत मी कुवेतला यायच्या आधीच संपली होती. एकेक वस्तू मी त्याच्यासमोर मांडली.

"घ्या दादा. भरलेली आहे."

नवं सामान दोन दिवसांत आलं. कुलूप मी परत लावलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

सोलापूरकराच्या त्या बोटाचं टोक अजून बधिर आहे, बारीक स्क्रू जाणवत नाही. सारखा हातातून पडतो. तो वाकतो, उचलतो, मला काही बोलत नाही. डॉक्टर म्हणायचंही त्यानं सोडलंय. त्यानं एकदा तरी शिवी द्यावी, असं मला वाटतं.